वहिनीचा बुधवार

आमच्या वहिनीला खुर्ची चावते. वीस-बावीस वर्षं बघतेय मी. जेवायला बसली तरी एक पाय ओट्याच्या दिशेनं. डॉक्टरकडे नंबर लावून बसली तर सारखी उठून आत किती जण उरले ते विचारून येणार. कुणाकडे सांत्वनाला गेली तर तिथली भांडी घासायला घेणार. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, फ्रीज दुरुस्त करतो आणि गरजेपुरतंच बोलतो. त्याची गरज फार कमी आहे. उरलेलं सगळं वहिनी बोलते, त्यामुळे घरातलं एकूण बोलणं बरोबर होतं.

पोटापाण्यासाठी ती बस डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसते. बसते म्हणजे काचेमागे उभी असते. खुर्ची दिलेली आहे, तिच्यावर तिची पर्स बसते. दिवसभर लोक येऊन तेच ते विचारतात. गाडी कधी, कुठून सुटते, पाणी कुठे मिळेल, गाडी लेट का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देवालाही ठाऊक नाही, पण शिव्या वहिनी खाते. संध्याकाळी घरी आली की घसा बसलेला असतो, तरी दारातूनच सुरू होते.

डेपोच्या समोर एक पब आहे. आपल्या वेटरना घरी जायला शेवटच्या गाड्या कधी मिळतील, हे विचारायला त्याचा मालक एकदा खिडकीशी आला. वहिनीनं कागदाकडे न बघता सगळ्या दिशांच्या वेळा धडाधड म्हणून दाखवल्या, मध्ये दोन विनोद केले आणि रांगेत भांडणाऱ्या एका माणसाला गप्पही बसवलं. मालक बघतच राहिला. बुधवारी त्याच्याकडे माश्या मारायची वेळ यायची. त्यानं विचारलं, बुधवारी संध्याकाळी येऊन माइकवर प्रश्न विचाराल का, एकेक टेबल मिळून उत्तरं देईल, जिंकेल त्याचं बिल माफ. वहिनी म्हणाली, जन्मभर लोकांनी मला विचारलं, आता मी विचारते.

घरी भूकंप झाला. बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अबोला धरला. बाबा वीज कंपनीत मीटर तपासनीस होते. मीटरमध्ये खोड्या केल्या म्हणून सख्ख्या मामेभावाचं कनेक्शन तोडून आलेला माणूस. दारू विकतात तिथे आपली सून माइक धरून उभी राहणार, हे त्यांना पचेना. वहिनीनं वाद घातला नाही. तिनं एवढंच सांगितलं की नणंद सोबत असेल. आणि मला विचारायच्या आधीच मला नेमून टाकलं.

माझी ओळख सांगायची तर मी खालच्या मजल्यावर राहते. पुढच्या खोलीत माझं कपडे आल्टर करायचं दुकान आहे. लग्न केलं नाही. त्याचं दुःख मला नाही, शेजारणींना आहे. तोंड तिखट आहे, हे लोक सांगतात आणि मी नाकारत नाही. वहिनीचं म्हणणं असं पडलं की गुण द्यायला कुणीतरी निष्ठुर माणूस हवा, आणि घरात तो एकच आहे.

तर असा आमचा बुधवार सुरू झाला आणि चांगला चालला. माणसं ऑफिसातून परस्पर यायची. टेबलं स्वतःला नावं घ्यायची. एक ‘अर्धी रजा’, एक ‘बायकोला विचारून सांगतो’, एक ‘चार खुर्च्या’. सगळ्यांचे मोबाइल बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जायचे आणि डबा टेबलाच्या मधोमध राहायचा. वहिनी प्रश्न दोनदा म्हणायची, तिसऱ्यांदा नाही. फेरी संपली की मी उत्तरांचे कागद गोळा करून बारच्या टोकाशी लाल पेन घेऊन बसायचे. कुणी अर्धा गुण मागायला आलं की मी चष्म्यावरून नुसती बघायचे. आणि वहिनी! माइक हातात आला की टेबलांमधून फिरत राहायची, हिला चिडव, त्याला टोमणा मार, कुणाचं भांडण सोडव. उभं राहून, फिरत, बोलत राहायचं आणि लोकांनी गप्प बसून ऐकायचं, याहून मोठं सुख तिला कुणी दिलं नव्हतं. मला तिचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

प्रश्न तयार करायची तिची एक पद्धत होती. ती म्हणायची, प्रश्न कागदावर कितीही छान दिसू दे, पबमधल्या गोंगाटात तो कानाला कळला पाहिजे. म्हणून सोमवारी-मंगळवारी ती घरातल्या घरात प्रश्न म्हणून बघायची. दादा फ्रीज उघडून आत डोकं घालून बसलेला असायचा, त्याच्या पाठीला विचारायची. मी शिवणयंत्रावर असायचे, तेव्हा मला विचारायची. बाबांना संध्याकाळचा चहा देताना विचारायची. आम्ही अडखळलो तर शब्द बदलायची, आणि मग उत्तर सांगून टाकायची. पिठात मीठ किती पडलंय ते चाखून बघावं, तसं होतं ते.

यात बाबा कधी विरघळले ते कळलंच नाही. रिटायर झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं. सकाळी बागेतल्या बाकावर जायचं, तिथे त्यांचा दोस्त, मुलगी-जावयाकडे राहणारा एक जुना कंपाउंडर, यायचा, दोघं गुडघ्यांबद्दल बोलायचे आणि परत यायचे. आता मंगळवारी दुपारपासूनच ते चहाची वाट बघायला लागले. सुनेनं विचारलेल्याचं उत्तर आलं की दिवसभर मिशीत हसायचे. माझ्या बापाला मी इतकं खूश क्वचितच पाहिलंय.

मग ‘चार खुर्च्या’ जिंकायला लागल्या. जिंकोत बापडे, पण दर बुधवारी? आधी हे चौघे शेवटून दुसरे यायचे. ‘बायकोला विचारून सांगतो’ या टेबलाला हरवण्यात तसं कौतुक नव्हतं, पण ‘अर्धी रजा’मधली माणसं खरंच वाचणारी होती. तीही मागे पडायला लागली. मी दोनदा त्यांचा मोबाइलचा डबा उघडून बघितला, चारही मोबाइल जागेवर. लोक कुजबुजायला लागले. मॅडमच प्रश्न विकतात, असंही कुणीतरी बोललं. ते वहिनीच्या कानावर आलं तेव्हा ती माइकवर अडखळली. पहिल्यांदाच.

मालकानं दोघींना बाजूला घेतलं. तो वाईट माणूस नाही. म्हणाला, तीन टेबलांनी तक्रार केलीय. प्रश्न कुठूनतरी फुटतायत. पुढच्या बुधवारपर्यंत कुठून ते मला कळलं पाहिजे, नाहीतर मी हे बंद करतो आणि मोठा टीव्ही लावतो, लोक मॅच बघतील. तुमचं नाव खराब व्हायच्या आत थांबलेलं बरं, असंही वर म्हणाला, जणू उपकारच करतोय.

तो आठवडा कसा गेला ते मलाच माहीत. वहिनीनं घरातली सगळी कपाटं उपसली आणि पुन्हा लावली. पहाटे उठून जिने धुतले. खिडकीवर एका प्रवाशाला चुकीच्या गाडीत बसवलं, जे तिच्या हातून आजवर कधी घडलं नव्हतं. माझ्या दुकानात यायची, कात्री उचलायची, ठेवायची, जायची. शेवटी मी ओरडले की एक तर बस नाहीतर बोल. ती दारात उभी राहूनच बोलली.

"बुधवार गेला ना, तर मी नुसती काचेमागची बाई उरेन. बाकी सगळे दिवस मी बुधवारच्या जिवावर काढते."

मी तिला म्हटलं, फालतू बोलू नकोस, सापडेल चोर. त्याच वेळी तिनं मला एक प्रश्न म्हणून दाखवला. लिफ्ट पहिल्यांदा तयार झाली तेव्हा माणसाच्या आधी कुठल्या प्राण्याला तिच्यात चढवून वर नेलं होतं? मी म्हटलं, कुत्रा. ती म्हणाली, नाही, गाढव. मी हसले आणि पायजम्याची उंची कमी करायला लागले.

बुधवार आला. पब खच्चून भरला होता, कारण तमाशा बघायला गर्दी लवकर होते. वहिनीनं पहिल्या फेरीत तो लिफ्टचा प्रश्न विचारला. कागद माझ्याकडे आले. कुणी माकड लिहिलं होतं, कुणी कुत्रा, आणि ‘बायकोला विचारून सांगतो’ यांनी ‘सासू’ लिहून खाली हसरा चेहरा काढला होता. मग ‘चार खुर्च्या’. बाकी सगळं बरोबर आणि इथे ‘कासव’. मला इतका आनंद झाला! लाल पेनानं टरकन फुली मारली आणि वहिनी जवळून गेली तेव्हा तिच्या कानात म्हटलं, पडले बघ तोंडघशी, कासव लिहिलंय मेल्यांनी.

तिचा चेहरा उतरला. म्हणजे एकदम रक्त काढून घेतल्यासारखा. तिनं माइकवर सांगितलं की तो प्रश्न रद्द, माझी चूक झाली, आणि पुढची फेरी कशीबशी ओढली. एकाही टेबलाला टोमणा मारला नाही. मध्यंतरात मला हाताला धरून मागच्या दारानं बाहेर नेलं. तिथे रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचून ठेवलेले असतात. तिथे तिनं सांगितलं की लिफ्टमध्ये कुठलाच प्राणी चढवलेला नाही. निदान तिला तरी माहीत नाही. तो प्रश्न तिनं मनानं रचला होता. दादाला उत्तर सांगितलं बकरी. मला सांगितलं गाढव. आणि कासव फक्त बाबांना सांगितलं.

मला आधी अर्थच लागेना. मग लागला, तो भलताच.

"म्हणजे तुला माझाही संशय होता?"

"तुमचाच होता," वहिनी म्हणाली. "वन्सं, तुम्ही दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलता. मला वाटलं, तुमच्याकडूनच गेलं असणार."

एरवी ती मला नावानं हाक मारते. रागावली किंवा घाबरली की वन्सं आणि अहो-जाहो. मला असा संताप आला की क्रेटवर लाथ मारावीशी वाटली. ज्या बाईसाठी मी प्रत्येक बुधवारी लिंबूसोड्यावर बसून लोकांचं गिचमिड अक्षर वाचते, तिनं माझ्यासाठी सापळा लावावा? आणि तोही गाढवाचा? पण संताप करायला वेळ नव्हता, कारण आतापर्यंत आम्हा दोघींना बाकीचंही दिसायला लागलं होतं. बाबा बाकावर प्रश्न घेऊन जात होते. गुडघ्यांपेक्षा चांगला विषय मिळाला होता त्यांना. कंपाउंडर तेच प्रश्न घरी जाऊन जेवताना जावयाला घालत होता, म्हातारपणी माणूस हुशारी दाखवतो तसा. आणि तो जावई, आम्ही दोघीही त्याला ओळखतो, म्हणजे ‘चार खुर्च्या’मधली पहिली खुर्ची. त्याला बुधवारी पहिल्यांदा तोच प्रश्न ऐकू आला असेल तेव्हाच त्यानं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. दोन्ही म्हाताऱ्यांना मात्र तो बुधवारी खेळायला येतो याचा गंधही नव्हता.

वहिनी क्रेटला टेकली. बसली नाही, टेकली. म्हणाली, आता मालकाला काय सांगू? खरं सांगितलं तर बाबांचं नाव गावभर होईल. नाही सांगितलं तर मीच विकले असं होईल. आतून घंटा वाजली आणि आम्ही परत गेलो.

खेळ संपल्यावर कुणी उठेना. मालक बारच्या पुढे येऊन उभा राहिला आणि त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, मॅडम, लागला का पत्ता? वहिनीनं माइक तोंडाशी नेला. मी तिला ओळखते. ही बाई स्वतःवर घेणार होती. बाबांना झाकायला ती आपला बुधवार टाकून देणार, आणि उद्या काचेमागे जाऊन लोकांना गाड्या सांगणार. माझ्या बापासाठी. मला ते बघवेना.

मी उठले. खुर्ची पडली.

"मी फोडले," मी म्हणाले. "दुकानात बडबडते, त्यात बोलून गेले. हिला काही माहीत नव्हतं, हिनंच मला आज पकडलं."

खरं सांगू? कुणीतरी थोडं तरी आश्चर्य दाखवायला हवं होतं. एकानंही दाखवलं नाही. टेबलाटेबलावर माना हलल्या. ‘अर्धी रजा’मधली एक बाई चक्क "वाटलंच होतं" म्हणाली. तिचे तीन ब्लाउज मी फुकट सैल करून दिलेत. मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं की मॅडमवर पूर्ण विश्वास आहे, बुधवार चालूच राहील, पण या बाईंनी पुन्हा इथे यायचं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जावयाकडे बघत राहिले. तो रिकामा ग्लास तोंडाला लावून पीत होता.

घरी येताना रस्त्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं. वहिनी म्हणाली, कोणी सांगितलं होतं तुला? मी म्हटलं, तूच मला गाढव दिलंस, मग गाढवपणा नको करू? ती रडली. मीही रडले, पण मी रागानं. चिडीला आले की मला रडू येतं, तशी जुनी सवय आहे. मग आम्ही ठरवलं की बाबांना हे कधी कळू द्यायचं नाही. मामेभावाचं कनेक्शन तोडणारा माणूस, आपल्यामुळे झालं हे कळलं तर बाकावर जाणं सोडेल, बोलणं सोडेल, आणि आता तर कुठे बोलायला लागला होता.

त्यानंतर माझ्या जागी दादा बसतो. बाबांना सांगितलंय की माझं शिवणकाम वाढलंय. लोक त्याच्यावर खूश आहेत, तो कुणाशी वादच घालत नाही. वहिनी आता न्हाणीघरात नळ सोडून प्रश्न म्हणून बघते. मंगळवारी बाबा चहा घेताना विचारतात, आज काही नाही का? ती सांगते, नियम बदलला, आता घरच्यांनाही सांगायचे नाहीत. नियम म्हटल्यावर ते कप ठेवून खिडकीबाहेर बघतात. गुरुवारी ती त्यांना आदल्या दिवशीचे प्रश्न घालते. ते उत्तरं देतात, पण शिळ्याला ती चव नाही. माझ्या दुकानातही फरक पडलाय. बायका मापं देतात आणि गप्प उभ्या राहतात. एक जण तर सुनेबद्दल सांगता सांगता अर्ध्यात थांबली, मला बघून. त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

गेल्या बुधवारी वहिनी आणि दादा पबला गेल्यावर मी बाबांना जेवायला वाढायला वर गेले. बुधवारी संध्याकाळी मला आता घरात काही सुचत नाही. आता पहिली फेरी झाली असेल, आता तो ‘सासू’वाला काहीतरी वाह्यात बोलला असेल. मी ओटा पुसला, परत पुसला, गॅलरीत गेले, आत आले. बाबांनी ताटाला हात लावला नव्हता.

"कंपाउंडर भेटला होता," ते म्हणाले. "त्याला जावयानं सांगितलं. प्रश्न तू फोडलेस म्हणे."

मी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं.

"त्या पोरीला आठवड्यातनं एक संध्याकाळ मिळते. तीही तू घालवायला निघाली होतीस? मला कुणाकडून कळावं हे, तर कंपाउंडरकडून. तो बिचारा, मला वाईट वाटेल म्हणून सांगायला कचरत होता." त्यांनी ताट बाजूला सारलं. "लहानपणापासून बघतोय मी. एक गोष्ट म्हणून तुझ्या पोटात राहत नाही."

सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. कासव, बाक, जावई, सगळं. बाबा माझ्याकडे बघत होते, आणि मी खोटं बोलून का होईना, नाकारीन याची वाट बघत होते.

"नाही राहत, बाबा," मी म्हणाले, आणि त्यांच्या ताटात गार झालेली भाजी होती ती काढून गरम वाढली.